आधी वचन, मग ताट

एसटीने हॉर्न दिला, कंडक्टरने दोरी ओढून घंटी मारली, तरी बाबा खिडकीचा गज सोडायला तयार नव्हते.

"वचन सांग," ते म्हणाले. "मग जा."

मी बावीस वर्षांची होते. मिरजेला नर्सिंग शिकून आले होते आणि हुबळीच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली म्हणून निघाले होते. नेवाशाकडच्या आमच्या खेड्यातून तोवर कुणी पोरगी एकटी कर्नाटकात गेली नव्हती. बाजारचा दिवस होता, गाडी खच्चून भरलेली. बायका पाट्या मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मास्तरांची पोरगी कुठे चालली आणि मास्तर तिला काय म्हणायला लावतायत, हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले की रविवारी उपदेशही तेच करायचे. संध्याकाळी चुलीवरून भाकरी उतरल्या की आधी प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थनेनंतर प्रत्येकाने शास्त्रातलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं. आधी वचन, मग ताट. वचन आलं नाही तर ताट उपडं. सुधाकर, तू किती वेळा उपड्या ताटासमोर बसून भोकाड पसरलं आहेस ते मला अजून आठवतं. मग तू, मी आणि मंगल, आपण तिघा भावंडांनी एक युक्ती काढली होती. शास्त्रात एक दोनच शब्दांचं वचन आहे, प्रभू रडला एवढंच सांगणारं. आठवडाभर आपण तिघंही तेच म्हणत होतो. शेवटी बाबांनी त्या वचनावर बंदी घातली. "ते कामचुकारांचं वचन," असं ते म्हणायचे.

तर त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी बाबांनी वचन मागितलं आणि माझं डोकं धुतल्यासारखं रिकामं झालं. शेकड्याने पाठ केलेली वचनं, पण एक आठवेना. पुन्हा घंटी झाली. माझ्या तोंडून तेच दोन शब्द निघाले.

बाबांनी गज सोडला. "एवढंच राहिलं का डोक्यात?" म्हणाले. गाडी निघाली. मला ओरडून सांगायचं होतं की कामचुकारपणा नव्हता हो, तुमचे डोळे भरलेले दिसले आणि तेवढंच आठवलं. पण गाडी वळली होती. पुढे कितीदा गावी गेले, पण ते सांगायचं राहूनच गेलं आणि आधी आई, मग चार वर्षांपूर्वी बाबाही गेले.

आई खिडकीशी आलीच नव्हती. मी घरातून निघतानाच ती माझ्या पिशवीत एक जर्मनचा डबा कोंबून मोकळी झाली होती. तो मुठीचा डबा. आमच्याकडे स्वयंपाकाला बसलं की पहिली मूठ धान्याची बाजूला काढायची, ज्वारी असो, बाजरी असो की तांदूळ. आठवडाभराची मूठ रविवारी देवळात न्यायची. आम्ही गावाकडे चर्चला देऊळच म्हणतो. तिथे वेदीजवळ पोतं ठेवलेलं असायचं, त्यात ती ओतायची. गावात जी विधवा, जे म्हातारं एकटं असेल, त्याच्या घरी ते धान्य जायचं. हे आईने आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही. ती फक्त म्हणायची, "चूल पेटली की पहिली मूठ." बाबांच्या वचनांपुढे आईचं हे बोलणं म्हणजे घरातल्या घड्याळाची टिकटिक. आम्ही कुणी ते ऐकत नव्हतो.

हुबळीतला पहिला रविवार मी विसरले नाही. गावाकडे सतरंजीवर मांडी घालून बसायचं, टाळ-मृदंगावर भजन. इथे बाकं, ऑर्गन आणि सगळं कन्नडमध्ये. दीड तासाच्या उपासनेत मला फक्त 'आमेन' कळलं. तरी मी आठवडाभराची मूठ डब्यात घालून नेली होती. शेवटी दाराशी उभ्या असलेल्या कारभाऱ्यांपुढे डबा धरला. त्यांनी झाकण उघडलं, ज्वारी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे इंग्रजीत सांगितलं की इथे पाकिटात घालून देतात. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मागे रांग होती. मी डबा परत घेऊन आले आणि लाजेने लाल होऊन ती ज्वारी शेजारच्या बाईच्या कोंबड्यांना टाकली. पुन्हा मूठ काढली नाही. डब्यात आधी सेफ्टी पिना गेल्या, मग बटणं, आणि लग्नानंतर सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या.

लग्न त्याच चर्चमधल्या प्रेमकुमारांशी झालं. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, घरची बोली कन्नड. सासूबाईंना मी अव्वा म्हणायचे. मी कन्नड बोलताना अडखळले की अव्वा म्हणायच्या, "सावकाश कलि, अवसर इल्ल." सावकाश शीक, घाई नाही. त्या माउलीने मला कधी टोचून बोललं नाही, आणि कदाचित म्हणूनच मी शेफारले. कन्नड शिकले, इतकं की आता पेशंटवर खेकसते तीही कन्नडमध्येच. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी थापते, एण्णगाई म्हणजे भरली वांगी करते. पण प्रार्थनेला डोळे मिटले की मराठीच येते. ती कुणी अडवली नाही. माझ्या मुलीलाही मराठीतच प्रार्थना आली पाहिजे, हे मात्र मी स्वतःच ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. अर्थात हे शहाणपण आत्ताचं.

कृपा आमची एकुलती एक. ती बोलायला लागली तशी मी बाबांचा नियम लावला. आधी वचन, मग ताट. वचन मराठीत. प्रेमकुमार म्हणायचे, कन्नड वचन का नको, देवाला कन्नड येत नाही का? मी म्हणायचे, देवाला येत असेल, माझ्या बाबांना येत नाही. माझी दुपारपाळी असली की मी वॉर्डातून फोन करायचे. तिकडे प्रेमकुमार स्पीकर चालू करायचे, इकडे मी सलाईनची बाटली बदलता बदलता वचन ऐकायचे आणि म्हणायचे, "हं, आता वाढा." बाकीच्या नर्स हसायच्या. मला अभिमान वाटायचा. मंगल, तुला आठवत असेल, सहा वर्षांच्या कृपाने गावी सगळ्यांसमोर तेविसावं स्तोत्र न अडखळता म्हटलं होतं आणि बाबांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, एसटीच्या खिडकीतलं फिटलं.

त्याच सुट्टीत आई स्वयंपाकघरात कृपाला घेऊन बसायची. आईला कन्नड येत नव्हतं, कृपाची मराठी हुबळीची. "आज्जी, मी काढते की," असं म्हणून ती मूठ काढायची. आई म्हणायची, हिची मूठ लहान आहे, हिने दोन काढायच्या. एवढंच त्यांचं बोलणं. मी ते बघत होते की नव्हते तेही आठवत नाही, कारण मी बाहेर ओट्यावर बसून कृपाने पुढचं कुठलं स्तोत्र पाठ करायचं हे बाबांशी ठरवत होते.

हुबळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी, चर्चच्या मागच्या खोलीत मराठी उपासना असते. एके काळी तीस-चाळीस माणसं असायची म्हणतात. मी आले तेव्हा वीस, आता अकरा. बरेचसे रेल्वेतले निवृत्त, सोलापूरकडच्या दोन बहिणी आणि एक काका, ज्यांना ऐकू येत नाही म्हणून एक गीत चालू असताना ते दुसरंच सुरू करतात. लहान मूल एकच, कृपा. तिला मी दर महिन्याला तिथे नेऊन बसवायचे. खिडकीबाहेर मैदानात कन्नड शब्बाथ शाळेची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाची, मुलं नाताळच्या नाटकाची तालीम करायची. एकदा ती म्हणाली, "आई, मला मेंढी व्हायचंय. सगळ्या मेंढ्या झाल्यात, एकच जागा हाय." मी म्हटलं, मेंढी व्हायचं तर मराठी मेंढी हो. हे मी विनोदाने म्हटलं होतं. पण जाऊ दिलं नाही ते खरंच. ती त्या बहिऱ्या काकांच्या शेजारी बसून राहिली आणि बाहेर मेंढ्या हसत होत्या.

दर वर्षी मी स्वतःला सांगायचे की मोठी झाली की कळेल, दृढीकरणाच्या वेळी सगळं फळाला येईल. आमच्यात लेकराचा बाप्तिस्मा आईबाप करवून घेतात. पण कळतं वय झालं की त्याने स्वतः मंडळीसमोर उभं राहायचं असतं, पाळक विचारतात आणि त्याने सांगायचं असतं की हो, हा आता माझा विश्वास आहे. ते दृढीकरण. माझं चौदाव्या वर्षी झालं. कृपाचं सोळाव्या वर्षी ठरलं, तेव्हा ती म्हणाली परीक्षा आहे. पुढच्या वर्षी म्हणाली, अजून एक वर्ष थांबू. गावाहून सुधाकरचा दर महिन्याला फोन, "कृपा दृढ झाली का?" मंगलच्या दोन्ही पोरांची पिंपरीत झाली, झकास फोटो आले. मी अंगठा पाठवला आणि दिवसभर वॉर्डातल्या पोरींवर ओरडत राहिले.

या वर्षी मी ठाम होते. कृपा एकोणीस वर्षांची, धारवाडला बीएस्सीला, रोज हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या आमच्या रायापूरहून बसने जाऊन येऊन करायची. ईस्टरच्या आधल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, दृढीकरण ठरलं. पाळकसाहेबांना भेटून मी परवानगी काढली की प्रश्न कन्नडमध्ये विचारा, पण माझी मुलगी उत्तरं मराठीत देईल. ते हसून बरं म्हणाले. मला वाटलं, गड जिंकला.

साडी घ्यायला दाजीबानपेठेत गेले. तिथे एक दुकानदार आहेत, मूळचे कागलकडचे, चार पिढ्या हुबळीत. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून ते खूश आणि त्यांच्याशी बोलायला मिळतं म्हणून मी. पांढरी साडी म्हटल्यावर ते जरा दचकले.

"पांढरी कशाला हो अक्का? काय वाईट झालं नाही न्हवं?"

मी त्यांना दृढीकरण समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे आमच्या मुंजीसारखं म्हणा की."

"नाही हो. मुंज आईबाप करतात. हे तिनं स्वतः करायचं असतं. तिनं स्वतः हो म्हणायचं."

"असं होय," म्हणत त्यांनी बारीक चंदेरी काठाची साडी उलगडली. "मग पोरीला पसंत पडंल ही? तिला घेऊन यायचं न्हवं का संगट?"

मी म्हटलं, तिला कॉलेज असतं, माझी पसंती तीच तिची. साडी घेऊन घरी आले. वाटेत मला एकदाही वाटलं नाही की मी आत्ता काय बोलले.

आठ दिवस आधी, जेवणाच्या वेळी, कृपा म्हणाली, "आई, माझ्यानं होत नाही."

मला वाटलं पाठांतर. मी म्हटलं, उत्तरं सोपी आहेत, मी घेते पाठ करून.

"उत्तरं येतात की. सगळी येतात. तिथं उभं राहून हो म्हणायचं म्हणजे खरं म्हणायला पाहिजे न्हवं? मला अजून ठाऊकच नाही. खोटं कसं म्हणू देवासमोर?"

आता लिहिताना कळतं की देवासमोर खोटं बोलायला घाबरणारी पोरगी माझ्यासमोर बसली होती. तेव्हा मला फक्त पांढरी साडी दिसत होती, आणि सुधाकरचा फोन, आणि बाबा. मी म्हटलं, सतरा वर्षं घसा कोरडा केला तो कशासाठी? माझ्या बाबांना काय तोंड दाखवू? ते वर वाट बघत असतील. मी बोलतच सुटले. वचनं, स्तोत्रं, मराठी उपासना, तुझ्यासाठी मी काय कमी केलं, सगळं काढलं. प्रेमकुमार "बिडु, बिडु," म्हणत होते, सोड, सोड. मी सोडणाऱ्यातली नाही.

कृपाने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाली, "तुला मी विश्वासात यायला पाहिजे असं नाहीच आई. तुला मी तुझ्या गावची व्हायला पाहिजे. मी हुबळीची हाय."

माझ्या हातात तिचं ताट होतं. वांग्याची भाजी, रोट्टी, वर दाण्याची चटणी. मी ते मागे घेतलं.

"मग ह्या घरात ताट नाही," मी म्हटलं.

बाबांनी आमची ताटं शेकडो वेळा उपडी केली असतील, पण आम्ही सात-आठ वर्षांची होतो आणि पाच मिनिटांनी आई येऊन ताट सुलटं करायची. अव्वाही आता नव्हत्या, इथे सुलटं करायला कुणी नव्हतं. कृपा उठली. तिने न जेवताच हात धुतले, का कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ती दोन पिशव्या घेऊन धारवाडला मैत्रिणींच्या खोलीवर राहायला गेली. ओरडली नाही, दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मीही आपटलं असतं.

त्यानंतरचे पाच आठवडे मी सगळ्यांवर चिडलेली होते. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करूया. मी मनात म्हटलं, करतेच आहे, पुढचं काही सांगा. मंगल, तू व्हॉट्सअपवर लिहिलंस, मुलांना लहानपणापासून वळण लावावं लागतं. तुला सांगते, त्या मेसेजवर मी जे टाइप करून खोडलं ते वाचलं असतंस तर तू माझ्याशी जन्मभर बोलली नसतीस. तुझ्या मुलांची शाळा, देऊळ, गाणी, शेजार सगळं मराठीत. त्यांना वळण लावायला वाराही मदत करतो. मी इथे एकटी बहिऱ्या काकांबरोबर.

झावळ्यांच्या रविवारी सहा मुलं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. पाळकसाहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, मुलांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. मला सगळं कळत होतं, शब्द न् शब्द. मी माझं दृढीकरण आठवायला लागले. पाळकांच्या मागे बाबा उभे होते, आणि मी उत्तर देताना बाबांच्या तोंडाकडे बघत होते. बाबांनी मान डोलावली म्हणून मी पुढचं बोलले. मी हो म्हटलं ते देवाला की बाबांना? चाळिशी कधीच उलटून गेली आणि हे मला नक्की सांगता येत नाही. विश्वास माझ्यात आहे, तो कसा आला हे मात्र मी छातीठोक सांगायचे, ते आता सांगवेना. तिथेच बाकावर मला रडू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, मुलांना बघून भरून आलं.

प्रेमकुमार दर शनिवारी धारवाडला जाऊन कृपाला जेवणाचा डबा देऊन यायचे. मला न सांगता. फडताळातला स्टीलचा डबा नसायचा त्यावरून मला कळायचं, आणि मी शनिवारी भाजी जरा जास्त करायचे. हेही कुणी कुणाला बोललं नाही. सहाव्या शनिवारी त्यांना सडकून ताप आला. अंथरुणातूनच म्हणाले, "डबा तू ने. नाहीतर आंबेल."

मी गेले. दोन मजले चढून दार वाजवलं तर एका अनोळखी पोरीने उघडलं. सविता, अळणावरकडच्या खेड्यातली, घरी शेती, घरची भाषा मराठी. "काकी, या की. बसा की. कृपा तांदूळ धुऊलालीया," म्हणाली. कृपाने मला बघितलं, "आलीस?" म्हणाली आणि परत तांदळाकडे वळली. खोलीच्या कोपऱ्यात शेगडी, तीन ताटं, तीन वाट्या. मी स्टूलावर बसून बघत राहिले.

तिने पिशवीतून तांदूळ मापून पातेल्यात घेतले. मग पाणी ओतण्याआधी त्यातली एक मूठ काढून खिडकीतल्या प्लास्टिकच्या बरणीत टाकली. हात इतका सहज गेला की तिला स्वतःलाही कळलं नसेल. बरणी अर्धी भरली होती.

"हे काय?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

सवितानेच सांगितलं. "ही कृपाच्या आज्जीची मूठ, काकी. पहिल्यांदा आमाला वाटलं, तांदूळ चोरून ठेवतीया काय की! आता आमी बी टाकतो. शनिवारी खालच्या यल्लव्वाला जातंय. म्हातारी हाय, झाडलोट करती, एकटीच हाय. एखाद्या शनिवारी कृपा नसली तर आमी विसरतो, मग यल्लव्वाच विचारती, हुडुगी, ती पोरगी, कुठं गेली म्हणून."

मी कृपाकडे बघितलं. "कुणाच्या नावानं काढतेस?"

"आज्जी कुणाच्या नावानं काढायची?"

आईने कधी नाव घेतलंच नाही. देवळात नेऊन ओतायची म्हणून आम्ही ते देवाचं धरलं. ती म्हणायची ते इतकंच, चूल पेटली की पहिली मूठ.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. अर्ध्याहून जास्त मी वैतागले होते. सतरा वर्षं मी जे घासून घासून शिकवलं ते ती खुंटीला टांगून आली, आणि जे मी एका शब्दाने शिकवलं नाही, उलट लाजून कोंबड्यांना टाकलं, ते तिने उचललं. तेही असं की त्याला विश्वास म्हणावं की नुसती आज्जीची सवय, हे मला कळेना, आणि तिलाही ते ठरवायची घाई नव्हती. सुधाकर, तू फोनवर विचारशील, दृढ झाली का, तेव्हा मी तुला काय सांगू? की तांदूळ काढते? तू म्हणशील, ते तर कुणीही काढेल. खरं आहे. सविताही काढते, आणि तिच्या घरी देव्हारा आहे.

भात झाला. कृपाने माझ्यासमोर ताट ठेवलं, माझ्याच डब्यातली भाजी आणि तिचा भात. मी हात मांडीवर ठेवून बसले. जन्माची सवय. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. बाबा असते तर काय म्हणाले असते ते आम्हा दोघींनाही पाठ होतं.

"जेव की आई," ती म्हणाली. "भात गार होतोय."

मी जेवले. आधी वचन न म्हणता मी कधी जेवले असेन तर ती माझी पहिली वेळ. भात थोडा कच्चा होता. मी काही बोलले नाही, यावरून तुम्हीच समजा मी किती बदलले आहे.

सत्तावीस वर्षं मी घर म्हटलं की नेवाशाकडच्या त्या खेड्याकडे तोंड करून बसले होते, आणि पोरीला अशा घरात ढकलत होते जिथे ती सुट्टीचे पंधरा दिवस सोडले तर कधी राहिलीच नव्हती. तिचं घर हुबळी. अव्वांची कन्नड गाणी, मैदानातल्या मेंढ्या, धारवाडची खोली. त्या घरात विश्वासाला जागा असेल तर तो तिथल्याच दाराने येईल. येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि न माहीत असणं मला जमत नाही. मी नर्स आहे, मला चार्ट लागतो, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान. इथे काहीच लिहून ठेवता येत नाही.

साडी कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. मराठी उपासनेला आता मी एकटी जाते, आणि काकांनी दुसरं गीत सुरू केलं की त्यांच्याबरोबर तेच म्हणते. आईचा जर्मनचा डबा रिकामा करून घासला. गोळ्यांचा वास जायला दोन दिवस लागले. आता शनिवारी स्टीलचा डबा आणि मुठीचा डबा दोन्ही घेऊन मीच धारवाडला जाते. यल्लव्वा माझी ज्वारी घेते आणि कृपाच्या तांदळापेक्षा बरी म्हणते. तेवढंच माझं समाधान.

त्या पहिल्या शनिवारी कृपा मला बसपर्यंत सोडायला आली होती. बस येऊन उभी राहिली. मी चढले, खिडकीशी बसले. तिने खालून काच सरकवली आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "वचन सांग. मग जा."

थट्टाच होती. पण माझं डोकं पुन्हा तसंच रिकामं झालं. बाहेर ती उभी होती, केस विस्कटलेले, बाबांसारखंच कपाळ. माझ्या तोंडून तेच निघाले, दोन शब्द.

"हे चालत नाही," ती हसत म्हणाली. "आजोबांची बंदी हाय."

"तुझ्या आजोबांनाही मी जाताना हेच सांगितलं होतं," मी म्हटलं. "ते रागावले. त्यांना वाटलं मी टाळलं. मी टाळलं नव्हतं गं. तेच आठवलं, कारण ते रडत होते."

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती हसायची थांबली. तिचा हात काचेवर तसाच राहिला. बस निघाली तेव्हा ती दोन पावलं बरोबर चालली, मग थांबली.

रायापूर येईपर्यंत मला हलकं वाटत होतं. उतरताना माझ्या लक्षात आलं की वचन मी म्हटलं, तिने नाही. तिने फक्त मागितलं.

तिला कुठलं आठवतं, ते विचारणार आहे. या शनिवारी, जेवण झाल्यावर.